मोठ्या व्ही-८ इंजिनाला मॅन्युअल गिअरबॉक्स: आधी मोजा, मग चढवा

साठ-सत्तरच्या दशकातल्या मोठ्या व्ही-८ गाडीतला ऑटोमॅटिक उतरवून मॅन्युअल बसवला, की गाडी बहुतेक वेळा पहिल्या दिवशी व्यवस्थित चालते. तक्रारी नंतर सुरू होतात. चालता चालता गिअर आपोआप सुटतो, रिव्हर्स टाकताना करकर होते, पायलट बुश (क्रँकच्या मागच्या टोकात बसून गिअरबॉक्सचा शाफ्ट धरणारा) थोड्याच दिवसांत खलास होतो, चढावर क्लच जळल्याचा वास येतो. मग गिअरबॉक्स उतरवून खोलला जातो आणि आत काहीच सापडत नाही. दोष बेल हाउसिंगचं (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाचं) केंद्र, क्लचचं अंतर किंवा मागच्या एक्सलचा रेशो यांपैकी कशात तरी असतो. ही तिन्ही मापं गिअरबॉक्स जमिनीवर असतानाच घ्यायची असतात, आणि घाईत नेमकी तीच राहून जातात.

इथला क्रम पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाड्यांसाठी आहे. उदाहरणं शेव्हरोले, फोर्ड आणि क्रायस्लरच्या व्ही-८ची आहेत. छोटं इंजिन काढून मोठं बसवलं असेल आणि जुनाच मॅन्युअल ठेवायचा असेल, तरी टप्पे हेच.

## १. सुटे भाग घेण्याआधी रेशोचं गणित

ऑटोमॅटिकमधला टॉर्क कन्व्हर्टर गाडी जागची हलताना इंजिनाचा टॉर्क साधारण दुप्पट करून देतो. म्हणूनच त्या गाड्यांना कारखान्यातून २.७३ ते ३.०८ असे लांब एक्सल रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे फेरे) मिळायचे आणि चालायचे. मॅन्युअलमध्ये ही मदत नाही. जे काही करायचं ते पहिला गिअर आणि एक्सल यांनीच करायचं.

पहिल्या गिअरचा रेशो गुणिले एक्सलचा रेशो, हा आकडा काढा. रस्त्यावरच्या गाडीसाठी तो ९ ते १० च्या आसपास हवा. मन्सी एम२० (जनरल मोटर्सचा चार गिअरचा मॅन्युअल) चा पहिला गिअर २.५२ आहे, ३.५५ च्या एक्सलबरोबर ८.९ येतात, मोठ्या इंजिनाला ते पुरतात. मन्सी एम२१ चा पहिला २.२० आहे, तो २.७३ च्या एक्सलला जोडला तर जेमतेम ६ येतात. अशी गाडी दर सिग्नलला अर्ध्या क्लचवर निघते आणि फ्लायव्हील निळं पडतं. दोष क्लचला दिला जातो, जाडजूड क्लच आणला जातो, पेडल जड होतं आणि जळणं तसंच राहतं.

उलटी चूकही होते. पहिला ३.२७ आणि एक्सल ४.११ म्हणजे १३.४. एवढ्या टॉर्कच्या इंजिनाला असा पहिला गिअर निरुपयोगी. गाडी हलली न हलली तोच दुसरा टाकावा लागतो.

आता वरचा गिअर. सुमारे २६ इंच व्यासाच्या टायरचा घेर २.०७ मीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला ८०५ फेरे घेतं. ३.७३ चा एक्सल आणि १:१ चा चौथा गिअर असेल तर इंजिन ३००० आरपीएमवर फिरेल. ०.६४ चा ओव्हरड्राइव्ह असेल तर १९२० वर. लांबचा प्रवास होणार असेल तर चार आणि पाच गिअरमधला निर्णय याच दोन आकड्यांवर घ्या.

शेवटी ताकद. व्ही-८ मस्टँगमधला वर्ल्ड क्लास टी-५ हा पाच गिअरचा बॉक्स साधारण ३०० फूट-पाउंड टॉर्कच्या हिशेबाचा आहे. १९७० च्या ब्यूक ४५५ चा कारखान्याचा आकडा ५१० फूट-पाउंड होता. तो जुन्या ग्रॉस पद्धतीने (इंजिनावर जोडलेले इतर भाग न धरता) मोजलेला, म्हणजे चाकांपर्यंत त्याहून कमी पोचतो. तरीही टी-५ इथे टिकणार नाही. ट्रेमेकचे पाच गिअरचे टीकेओ-६०० आणि टीकेएक्स हे ६०० फूट-पाउंडांच्या वर्गातले आहेत. जुन्या चार गिअरच्या पेट्यांमध्ये मन्सी, फोर्डचा टॉपलोडर आणि क्रायस्लरचा ए-८३३ मोठ्या इंजिनांमागे कारखान्यातूनच लागत होते.

## २. क्रँकच्या मागच्या टोकाची ओळख पटवणं

सर्वात महागडी खरेदी इथेच चुकते, कारण फ्लायव्हील दिसायला सारखीच असतात. चार गोष्टी बघायच्या.

बोल्टचं वर्तुळ. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉकमध्ये १९८५ पर्यंत मागचं ऑइल सील दोन तुकड्यांचं, १९८६ पासून एकसंध. त्याबरोबर बोल्टचं वर्तुळ ३.५८ इंचांवरून ३.०० इंचांवर आलं. एकाचं फ्लायव्हील दुसऱ्याला लागत नाही.

बॅलन्स. शेव्हरोले ३९६, ४०२ आणि ४२७ आतून बॅलन्स केलेली. ४५४ आणि स्मॉल ब्लॉक ४०० बाहेरून, म्हणजे त्यांच्या फ्लायव्हीलवर मुद्दाम एका बाजूला वजन असतं. फोर्ड ३०२ जुनी असेल तर २८ औंस-इंचाची, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासूनची ५० ची. क्रायस्लर ४०० आणि ४४० मध्ये ओतीव क्रँक असेल तर बॅलन्स बाहेरून. जुन्या फ्लेक्सप्लेटवर (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असलेली पातळ प्लेट) किंवा कन्व्हर्टरवर वेल्ड केलेलं वजन दिसलं, तर थांबा आणि त्याच हिशेबाचं फ्लायव्हील शोधा. चुकीचं लागलं तर गाडी उभी असतानाही, न्यूट्रलमध्ये, आरपीएम वाढेल तशी थरथर वाढते आणि क्लच दाबूनही जात नाही.

दाते आणि स्टार्टर. शेव्हरोलेत १५३ दात्यांचं फ्लायव्हील १२.७५ इंचांचं, १६८ दात्यांचं १४ इंचांचं. पहिल्याला सरळ ओळीतल्या बोल्टचा स्टार्टर, दुसऱ्याला तिरक्या ओळीतल्या. बेल हाउसिंगमध्ये मोठं फ्लायव्हील मावतं का, तेही आधी बघा.

पायलटचं भोक. ऑटोमॅटिकसाठी बनलेल्या काही क्रँकांमध्ये, विशेषतः क्रायस्लरच्या, हे भोक पूर्ण मापाचं केलेलंच नसतं. व्हर्नियरने व्यास आणि खोली दोन्ही मोजा. भोक अपुरं असेल तर दोनच मार्ग आहेत: क्रँक उतरवून लेथवर करून घेणं, किंवा कन्व्हर्टरच्या मोठ्या खाचेत बसणारं रोलर बेअरिंग वापरणं. इनपुट शाफ्टचं टोक कापून वेळ मारून नेली जाते. तसं करायचंच असेल, तर टोकाचा पुरेसा भाग बेअरिंगमध्ये उरतो का ते मोजूनच करा.

> सावधान: जुनं ओतीव फ्लायव्हील जास्त आरपीएमवर फुटू शकतं आणि ते ड्रायव्हरच्या पायांजवळ फुटतं. इंजिन जोरात फिरवायचं असेल तर एसएफआय (शर्यतीच्या भागांची सुरक्षा मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) १.१ मानकाचं फ्लायव्हील व क्लच आणि एसएफआय ६.१ मानकाचं बेल हाउसिंग घ्या.

## ३. सामान आणि हत्यारं

पेडल असेंब्ली त्याच मॉडेलच्या मॅन्युअल गाडीची घ्या. ऑटोमॅटिकचं रुंद ब्रेक पेडल कापून दोन पेडल बनवण्याच्या भानगडीत पडू नका, ब्रेकचं पेडल वेल्ड करून वापरणं धोक्याचं आहे.

फ्लायव्हीलचे बोल्ट नवे आणि फ्लायव्हीलचेच हवेत. फ्लेक्सप्लेटचे बोल्ट आखूड असतात. ते लागतात, आवळतात आणि नंतर सुटतात. प्रेशर प्लेटसाठी खांदा असलेले बोल्ट घ्या, दुकानातले साधे चालत नाहीत, कारण प्लेटचं केंद्र त्या खांद्यांनी धरलं जातं. याशिवाय पायलट बुश, रिलीज बेअरिंग, फोर्क, त्याचा पिव्होट, इंजिन आणि बेल हाउसिंगमधली पत्र्याची प्लेट, मागचं क्रँक सील, क्रॉसमेंबर (गिअरबॉक्स पेलणारी आडवी पट्टी) आणि माउंटिंग.

हत्यारांत डायल गेज आणि त्याचा चुंबकी स्टँड. हे नसेल तर काम सुरू करू नका, उसनं आणा. फीलर गेज, व्हर्नियर, टॉर्क पाना, कोन मोजायचं गेज, गिअरबॉक्सचा जॅक, क्लच मध्यावर धरायचं हत्यार, आणि डोकं कापलेले दोन लांब बोल्ट. हे दोन बोल्ट पुढे टप्पा ८ मध्ये सोन्यासारखे उपयोगी पडतात.

## ४. उतरवणं आणि उघड्या इंजिनाची तपासणी

बॅटरी सोडा, गाडी चार भक्कम स्टँडवर घ्या. पण त्याआधी गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि पिनिअन (एक्सलमधला, शाफ्ट जोडला जातो तो गिअर) यांचे कोन मोजून लिहून ठेवा, गाडीचं वजन चाकांवर असताना.

गिअरबॉक्सचा आधार निघाला की इंजिन मागे झुकतं. डिस्ट्रिब्यूटर फायरवॉलला आपटतो, पुढे पंखा रेडिएटरच्या कव्हरला लागतो. संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) कडेखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने इंजिन आधीच पेलून धरा.

आता मागचं सील बदला, ऑइल गॅलरीचे प्लग गळतात का बघा. मग क्रँकचा पुढे-मागे होणारा खेळ डायल गेजवर मोजा. साधारण ०.००४ ते ०.०१० इंच (०.१० ते ०.२५ मिमी) ठीक, अचूक मर्यादा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असते. ऑटोमॅटिकमध्ये झिजलेलं थ्रस्ट बेअरिंग कसंबसं निभावतं. मॅन्युअलमध्ये प्रत्येक वेळी क्लच दाबला की सगळा दाब त्याच्यावर येतो. खेळ जास्त असेल तर पुढचं काम थांबवून इंजिन उतरवा.

रेडिएटरला जाणाऱ्या ऑटोमॅटिकच्या तेलाच्या नळ्या काढून तिथली तोंडं प्लगने बंद करा.

## ५. बेल हाउसिंगचं केंद्र: हा टप्पा कधीही सोडू नका

गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट दोन ठिकाणी धरलेला असतो: पुढे क्रँकमधल्या पायलट बुशमध्ये आणि मागे गिअरबॉक्सच्या स्वतःच्या बेअरिंगमध्ये. गिअरबॉक्स कुठे बसणार ते बेल हाउसिंगचं मधलं भोक ठरवतं. ते भोक क्रँकच्या केंद्रापासून सरकलेलं असेल तर शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात वाकवला जातो. गिअर सुटणं, बुश अंडाकृती होणं, पुढच्या बेअरिंगचा आवाज, हे सगळे इथून जन्मतात. ‘कारखान्यातून आलंय, बरोबरच असेल’ हा भरवसा ठेवू नका. ब्लॉक एका गाडीचा, बेल हाउसिंग दुसऱ्या गाडीचं, अशी जोडी तर जमून येण्याची शक्यता आणखी कमी.

क्रम असा:

१. ब्लॉकची मागची बाजू आणि बेल हाउसिंगची बाजू रंग, गंज, जुनं गॅस्केट काढून स्वच्छ करा. डॉवेल पिनभोवतीचा (ब्लॉकवर बेल हाउसिंगची जागा ठरवणारी पिन) रंगाचा थरही मोजमाप बिघडवतो.

२. इंजिनाबरोबर पत्र्याची मधली प्लेट येत असेल तर ती आत्ताच लावा. नंतर घातली तर सगळं माप बदलतं, आणि विसरली तर स्टार्टरचं दात्यांशी अंतर चुकतं.

३. सगळे स्पार्क प्लग काढा, म्हणजे क्रँक हाताने हलका फिरेल. फ्लायव्हील लावून बेल हाउसिंग सगळ्या बोल्टनी टॉर्कवर आवळा. दोन बोल्टवर माप घेऊ नका.

४. डायल गेजचा चुंबकी स्टँड फ्लायव्हीलवर बसवा आणि काटा बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या आतल्या भिंतीला टेकवा. गेज शून्यावर आणा.

५. क्रँक पुढच्या बोल्टवरून एकाच दिशेने फिरवा. वर, उजवीकडे, खाली, डावीकडे असे चार आकडे लिहा. पुन्हा वर आल्यावर काटा शून्यावर यायलाच हवा. आला नाही तर स्टँड हलतोय.

६. सर्वात मोठा आणि सर्वात लहान आकडा यांतला फरक काढा. केंद्राचं सरकणं या फरकाच्या निम्मं असतं. हे निम्मं करायला विसरल्यामुळे दुप्पट मापाच्या पिना मागवल्या जातात.

सरकणं ०.००५ इंचाच्या (०.१३ मिमी) आत, म्हणजे गेजवर फरक ०.०१० इंचाच्या आत हवा. त्यापेक्षा जास्त असेल तर मध्य सरकवलेल्या डॉवेल पिना मिळतात: ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ इंचाच्या. समजा गेजवर फरक ०.०१८ आला; सरकणं झालं ०.००९. इथे ०.००७ ची पिन लावली की उरतात ०.००२, म्हणजे काम झालं.

दिशा: गेजचा काटा ज्या बाजूला सर्वात जास्त दाबला जातो, त्या बाजूची भिंत क्रँकच्या केंद्राजवळ आलेली असते. बेल हाउसिंग त्याच बाजूला सरकवायचं. दोन्ही पिना एकाच दिशेला वळवलेल्या हव्यात. एक इकडे, एक तिकडे झाली तर बेल हाउसिंग बसणारच नाही, आणि हातोड्याने बसवलंत तर त्याचा कान तुटेल.

७. मग काटा बेल हाउसिंगच्या मागच्या सपाट बाजूवर, गिअरबॉक्स टेकतो तिथे, ठेवून पुन्हा एक फेरा. क्रँक पुढे-मागे होऊ नये म्हणून तो सगळा वेळ एकाच बाजूला दाबून धरा. इथेही ०.००५ इंचाच्या आत. जास्त असेल तर बेल हाउसिंगची बाजू लेथवर घ्या किंवा योग्य जागी शिम (पातळ पत्री) लावा.

> तपासा: पिना बदलल्यावर सगळं माप पहिल्यापासून पुन्हा घ्या. जमल्यावर पिना हलणार नाहीत अशा पक्क्या करा आणि आकडे कागदावर लिहून जपून ठेवा. पुढे कधी गिअरबॉक्स उतरवावा लागला तर उपयोगी पडतील.

## ६. पायलट बुश, फ्लायव्हील, क्लच

ब्रॉन्झचा बुश सच्छिद्र असतो. रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. ग्रीस भरू नका, त्याने छिद्रं बुजतात. बुश ठोकताना त्याच्या पूर्ण तोंडावर बसणारा गोल दांडा वापरा. सरळ हातोडीने ठोकला की कड दुमडते. भोकात बसल्यावर बुश किंचित आकसतो, म्हणून ठोकून झाल्यावर इनपुट शाफ्टचं टोक किंवा त्याच मापाचा तुकडा आत घालून बघा. हाताने सहज फिरायला हवा, पण डुलायला नको.

खोलीही मोजायची आहे. बेल हाउसिंगच्या मागच्या बाजूपासून बुशच्या तळापर्यंतचं अंतर आणि गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टची लांबी, या दोन मापांची तुलना करा. टोक क्रँकमध्ये तळाला टेकलं तर बोल्ट आवळताना थ्रस्ट बेअरिंगच चिरडलं जाईल.

फ्लायव्हीलची बाजू मशीनवर समतल करून घ्या, क्रँकच्या बाजूचं तोंडही स्वच्छ हवं. बोल्ट चांदणीच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर, थ्रेडलॉक लावून. काही इंजिनांत बोल्टची भोकं आरपार संपमध्ये उघडतात. तिथे आट्यांना सीलंट लागतं, नाहीतर तेल झिरपून थेट क्लचवर येतं. बसवल्यावर फ्लायव्हीलचं डगमगणं (रनआउट) ०.००५ इंचाच्या आत आहे का बघा, आणि क्लच लावण्याआधी त्याची बाजू ब्रेक क्लिनरने पुसून घ्या.

क्लच प्लेट आधी सुटीच इनपुट शाफ्टवर सरकवून पाहा. शेव्हरोलेचे जुने मन्सी १० स्प्लाइनचे (शाफ्टवरचे लांबट दाते), नंतरचे २६ चे. फोर्डच्या मोठ्या इंजिनांच्या टॉपलोडरचा शाफ्ट जाड. क्रायस्लरच्या हेमी आणि ४४० मागचा १८ स्प्लाइनचा, इतरांचा २३ चा. गाडीखाली पडल्यावर हा फरक कळला तर सगळा दिवस वाया.

प्लेटवर ‘फ्लायव्हीलची बाजू’ असा शिक्का असतो, तो वाचा. शिक्का पुसला असेल तर प्लेट फ्लायव्हीलवर हाताने दाबून फिरवा. मधला भाग फ्लायव्हीलच्या बोल्टच्या डोक्यांना घासला तर बाजू उलटी आहे.

प्रेशर प्लेटचा प्रत्येक बोल्ट अर्धा ते एक फेरा, समोरासमोर, आळीपाळीने. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर प्लेट वाकते आणि क्लच कधीच स्वच्छ सुटत नाही. शेवटी मध्यावर धरायचं हत्यार हाताने सहज बाहेर आलं पाहिजे.

## ७. क्लच सोडवणारी यंत्रणा

दोन प्रकार: दांड्यांचा आणि हायड्रॉलिक.

दांड्यांचा. मधला आडवा दांडा एका बाजूला चासीवर आणि दुसऱ्या बाजूला ब्लॉकवरच्या बॉलवर टेकतो. ब्लॉकला त्या बॉलचं भोक आहे का, ते इंजिन उघडं असतानाच बघा. मोठ्या इंजिनाचे जाड एक्झॉस्ट हेडर नेमके इथूनच जातात. हेडर घेण्याआधी दांडा लावून पूर्ण हालचाल करून बघा.

पेडलचा मोकळा खेळ साधारण १ इंच (२५ मिमी) ठेवा. खेळ शून्य असेल तर रिलीज बेअरिंग सतत फिरत राहतं आणि क्लच घसरू लागतो.

जुन्या पेडलांना एक जाड मदतनीस स्प्रिंग असते. ती तीन बोटांच्या, जड प्रेशर प्लेटसाठी होती. आता डायफ्रॅम क्लच लावला तर तीच स्प्रिंग पेडल जमिनीला चिकटवून ठेवते. अशा वेळी लोक क्लच बदलतात, खरं तर ती स्प्रिंग काढून जागी हलकी परतीची स्प्रिंग लावायची असते.

हायड्रॉलिक. हेडरची अडचण यात जाते, पण मापं जास्त काटेकोर लागतात. मास्टर सिलिंडर बहुतेक किटमध्ये ३/४ इंच बोअरचा येतो. मोठ्या बोअरने बेअरिंग जास्त सरकतं आणि पेडल जड होतं. लहान बोअरने उलट. पेडल हलकं करायला लहान सिलिंडर लावला आणि क्लच सुटेनासा झाला, ही नेहमीची तक्रार आहे. मास्टर सिलिंडरचा दांडा पेडलच्या रेषेत सरळ हवा. जुन्या गाडीची पातळ फायरवॉल दाबाने वाकते, त्यामुळे मागून जाड पत्रा लावा. पेडल दाबताना दुसऱ्याला बोनेटमध्ये बघायला सांगा. सिलिंडर हलताना दिसला तर तेवढी सगळी चाल वाया जातेय.

इनपुट शाफ्टभोवती बसणारं हायड्रॉलिक बेअरिंग असेल तर अंतर असं काढा. बेल हाउसिंगच्या मागच्या बाजूपासून प्रेशर प्लेटच्या बोटांपर्यंतची खोली, समजा ६२ मिमी. गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूपासून पूर्ण मागे ढकललेल्या बेअरिंगच्या तोंडापर्यंत, समजा ५८ मिमी. अंतर ४ मिमी. बहुतेक बेअरिंगना ०.१०० ते ०.२०० इंच (२.५ ते ५ मिमी) लागतं, पण बनवणाऱ्याने दिलेलाच आकडा अंतिम. कमी-जास्त शिमने करा. अंतर फार कमी ठेवलं तर क्लच प्लेट झिजत गेल्यावर बोटं मागे येऊन बेअरिंगला टेकतात आणि क्लच घसरतो. फार जास्त ठेवलं तर पिस्टन आपल्या हद्दीबाहेर जाऊन सगळं ऑइल बाहेर ओततो, आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

> सावधान: पेडलखाली थांबा लावा. डायफ्रॅम क्लच गरजेपेक्षा जास्त दाबला की बोटं वाकतात आणि आत घासायला लागतात.

## ८. गिअरबॉक्स चढवणं

डोकं कापलेले दोन बोल्ट बेल हाउसिंगच्या वरच्या दोन भोकांत लावा. गिअरबॉक्स त्यांच्यावर सरकत येतो. गिअरमध्ये टाकून मागचा शाफ्ट हाताने थोडा फिरवा, स्प्लाइन जुळले की तो पुढे जातो.

शेवटपर्यंत हातानेच जायला हवा. १०-१२ मिमी फट राहिली आणि बोल्टने ओढून घेतलीत, तर क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो, बुश फुटतो किंवा गिअरबॉक्सचा कान तुटतो. फट राहिली तर मागे घ्या आणि कारण शोधा: प्लेट मध्यावर नाही, बुश आकसलाय, किंवा खोली कमी पडतेय. आणि गिअरबॉक्स क्लच प्लेटमध्ये लटकत ठेवून चहाला जाऊ नका. तेवढ्यानेही प्लेट वाकते.

> तपासा: बोल्ट आवळून न्यूट्रलमध्ये मागचा शाफ्ट हाताने फिरवा. मग गिअर टाका, दुसऱ्याला क्लच पूर्ण दाबायला सांगा; आता शाफ्ट मोकळा फिरला पाहिजे. फोर्कच्या खिडकीतून फीलर गेज जात असेल तर दाबलेल्या क्लचमध्ये प्लेटभोवतीची मोकळी फट मोजा. साधारण १ मिमी पुरते.

## ९. क्रॉसमेंबर, टनेल, प्रोपेलर शाफ्ट

क्रॉसमेंबरची जागा बहुतेक बदलते. आधी गिअरबॉक्स बरोबर कोनात जॅकवर धरा, मग क्रॉसमेंबर त्याच्याप्रमाणे बसवा. क्रॉसमेंबरला जागा सोयीची म्हणून गिअरबॉक्स वर-खाली करण्याने सगळे कोन बिघडतात.

पाच आणि सहा गिअरच्या पेट्या उंच असतात, टनेल (गाडीच्या फरशीतला मधला उंचवटा) कापावाच लागतो. भोवती किमान १२ मिमी मोकळं ठेवा. इंजिन जोर लावताना माउंटिंगवर डोलतं आणि टनेलला लागलेला गिअरबॉक्स सगळ्या गाडीत खडखडतो.

मागच्या शाफ्टचे स्प्लाइन मोजून योक (प्रोपेलर शाफ्टचं त्यावर सरकणारं टोक) घ्या: जुने मन्सी बहुधा २७, नंतरचे ३२, टीकेओ ३१. प्रोपेलर शाफ्टची लांबी गाडीचं वजन चाकांवर असताना मोजा. योक पूर्ण आत ढकला, २० ते २५ मिमी बाहेर ओढा, आणि तिथून पिनिअनच्या जॉइंटच्या मध्यापर्यंतचं माप शाफ्ट बनवणाऱ्याला द्या. हवेत लटकत्या एक्सलवर घेतलेलं माप चुकीचंच येतं.

कोन: गिअरबॉक्स मागे ३ अंश खाली असेल तर पिनिअन पुढे ३ अंश वर, म्हणजे दोन्ही समांतर. पट्ट्यांच्या स्प्रिंगवर एक्सल जोरात वळतो, म्हणून पिनिअन त्या समांतर स्थितीपेक्षा १-२ अंश खाली ठेवा. प्रत्येक जॉइंटवरचा कोन १ ते ३ अंशांत असू द्या. अगदी शून्यही नको. जॉइंटमधले रोलर हललेच नाहीत तर एकाच जागी खड्डे पाडतात. ताशी ८० ते १०० ला येणारी आणि क्लच दाबूनही न जाणारी थरथर बहुतेक इथली असते.

## १०. वायरिंग आणि स्पीडोमीटर

न्यूट्रलचा सुरक्षा स्विच आता नाही. त्याची वायर क्लच पेडलच्या स्विचवर आणा. नुसती जोडून टाकलीत तर गाडी गिअरमध्ये असतानाच स्टार्ट होईल. रिव्हर्सच्या दिव्याची वायर गिअरबॉक्सच्या स्विचला जोडा. ऑटोमॅटिकच्या व्हॅक्यूम नळीचं तोंड मॅनिफोल्डवर बंद करा, नाहीतर आयडल कधीच बसत नाही. किकडाउनचा दांडा काढा आणि आयडल नव्याने लावा, कारण आधीचा आयडल गिअरमध्ये लोडवर ठेवलेला होता.

मैलाच्या स्पीडोमीटरचा गिअर: ड्राइव्ह गिअरचे (गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवरच्या) दाते गुणिले एक्सल रेशो गुणिले टायरचे मैलातले फेरे, भागिले १००१. ड्राइव्ह ८, एक्सल ३.७३, टायर ७८० धरले तर २३.२५ येतात, म्हणजे २३ दात्यांचा गिअर.

## ११. तेल आणि पहिले किलोमीटर

मन्सी, टॉपलोडर, ए-८३३ यांना जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल. मन्सीत सुमारे १.४ लिटर मावतं, टीकेओमध्ये अडीच. जीएल-५ टाळा, त्यातली गंधकाची रसायनं पितळी सिंक्रो खाऊ शकतात. वर्ल्ड क्लास टी-५ ला ऑटोमॅटिकचं तेल लागतं. जाड गिअर ऑइल घातलं तर थंडीत गिअर पडत नाहीत. गाडी समपातळीत ठेवून पातळीच्या प्लगमधून बाहेर येईपर्यंत भरा.

पहिल्यांदा चालू करताना मागची चाकं स्टँडवर उचललेली असू द्या. क्लच दाबून दहा सेकंद थांबा, रिव्हर्स टाका. करकरलं तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. हायड्रॉलिक असेल तर आधी हवा काढा, मग पेडलची चाल, शेवटी अंतर. बुश शाफ्टला पकडून ठेवत असेल तरी हेच लक्षण दिसतं. तेव्हा कितीही हवा काढलीत तरी फरक पडत नाही.

पहिले ८०० किलोमीटर शहरात, गिअर वारंवार बदलत चालवा. हायवेवर एका गिअरमध्ये घातलेले किलोमीटर क्लच बसण्याच्या हिशेबात धरू नका, आणि तोवर जोरात सोडून गाडी उडवू नका. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर बेल हाउसिंग, गिअरबॉक्स आणि क्रॉसमेंबरच्या बोल्टवर टॉर्क पाना फिरवा. दांड्यांचा क्लच असेल तर त्याच वेळी पेडलचा खेळ पुन्हा मोजा, तो कमी झालेला असतो. आठशेला गिअर ऑइल बदला आणि काढलेलं ऑइल पांढऱ्या फडक्यावर गाळा. पितळी भुकटी थोडी असणारच. चमकदार लोखंडी कण दिसले तर टप्पा ५ मधले लिहून ठेवलेले आकडे काढून बघा.